गोळी लागू पडेल की नाही, हे आधी कळते का?

सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनीने पाठवलेल्या दीर्घ पत्राचा हा गोषवारा. त्यांच्या पतींचे वय ३९ आहे. रक्तदान शिबिरानंतर आलेल्या निरोपामुळे त्यांना ‘हिपॅटायटिस बी’ असल्याचे कळले. सहा महिन्यांनंतरही ‘एचबीएसएजी’ (रक्तात हा विषाणू असल्याची खूण) पॉझिटिव्हच आले, तेव्हा हा संसर्ग जुनाट असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. विषाणू जोमाने वाढत असल्याची खूण असलेले ‘ई-अँटिजेन’ही पॉझिटिव्ह आहे. उपचार सुरू करताना रक्तातील विषाणूंचे प्रमाण प्रति मिलिलिटर १८ कोटी आययू (मोजण्याचे एकक) आणि एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) ११२ होते. फायब्रोस्कॅनमध्ये यकृत फारसे कडक झालेले नव्हते. तेव्हापासून एन्टेकॅव्हिर या विषाणू दाबणाऱ्या औषधाची ०.५ मिलिग्रॅमची एक गोळी ते रोज ‘सकाळी न्याहारीबरोबर, न चुकता’ घेतात. तीन महिन्यांनी विषाणूंचा आकडा २ लाख ४० हजार, सहा महिन्यांनी ९ हजार आणि नऊ महिन्यांनी ६४० आला. एसजीपीटी आता ३८ आहे. चुलत दिरांना हाच आजार असून त्यांचा सुरुवातीचा आकडा सुमारे ४० हजार होता. याच गोळीने तो सहा महिन्यांत ‘निल’ झाला. जाऊबाईंच्या ओळखीच्या एका गृहस्थांचे म्हणणे असे, की जीनोटाइपची, म्हणजे विषाणूच्या उपप्रकाराची, तपासणी केली की औषध लागू पडणार की नाही हे आधीच कळते आणि इंजेक्शनांचा कोर्स घेतला की आजार मुळासकट जातो. सासूबाईंचा आग्रह काविळीच्या गावठी औषधाचा आहे. नणंद बाळंतपणासाठी माहेरी आलेली असल्याने घरात या विषयावर मोकळेपणाने बोलताही येत नाही. भगिनींचा प्रश्न असा: ‘नऊ महिने झाले तरी आकडा शून्यावर आला नाही, म्हणजे ही गोळी यांना लागू पडत नाही का? आणि हे आधीच ओळखता आले असते का?’

ताई, तुमच्या पत्रातील सर्वांत बोलकी गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे, ती म्हणजे ते चार आकडे. तुम्ही शेवटच्या आकड्याकडे पाहून निराश झाला आहात. मी पहिल्या आणि शेवटच्या आकड्यातील अंतराकडे पाहतो आहे. १८ कोटींवरून ६४० म्हणजे विषाणूंचे प्रमाण सुमारे २ लाख ८० हजार पटींनी उतरले. चुलत दिरांचे ४० हजारांवरून मोजता न येण्याइतके खाली आले. साधारण १० आययूच्या खालचे मोजमाप यंत्राला नेमके करता येत नाही, म्हणजे त्यांच्याकडे नोंदवता येण्याजोगी उतरण फार तर काही हजार पटींची होती. गोळीने काम किती केले, एवढाच निकष लावला तर तुमच्या पतींच्या शरीरात तिने कितीतरी अधिक काम केले आहे. दीर तळमजल्यावरून निघाले होते आणि तुमचे पती गच्चीवरून, एवढाच काय तो फरक.

याच कारणासाठी प्रयोगशाळेच्या अहवालात मूळ आकड्याशेजारी ‘लॉग’ नावाचा दुसरा आकडा छापलेला असतो आणि बहुतेक जण तो वाचतच नाहीत. लॉगमध्ये एकाचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक. तुमच्या पतींचे अहवाल समोर ठेवून पाहिलेत तर तेथे सुरुवातीला ८.२६, मग ५.३८, नंतर ३.९५ आणि आता २.८१ असे काहीसे दिसेल. पहिल्या तीन महिन्यांत जवळजवळ तीन लॉग, पुढे दर तीन महिन्यांत एकाहून थोडे अधिक. उतरण मंदावली म्हणून घाबरू नका. गोळी सुरू झाली की रक्तात मोकळे फिरणारे विषाणू झपाट्याने कमी होतात. त्यानंतरचा वेग मात्र यकृतातील संसर्ग झालेल्या पेशी किती लवकर नाहीशा होतात यावर ठरतो आणि तो सगळ्यांचाच संथ असतो. तीन महिन्यांत एक लॉगही उतरण झाली नसती, तर गोळी लागू पडत नाही असा संशय घेण्यास जागा होती. येथे तशी काहीच परिस्थिती नाही.

आता ‘आधीच ओळखता आले असते का’ या प्रश्नाकडे येतो. अशा अनेक पत्रांमध्ये हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत असतो आणि त्याच्या मुळाशी एक गृहीतक असते, ते म्हणजे औषध एकतर लागू पडते किंवा पडत नाही. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत ‘लागू पडणे’ चार वेगवेगळ्या पातळ्यांवर मोजतात आणि प्रत्येक पातळीचे भाकीत वेगळे असते. रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतके कमी होणे ही एक पातळी. एसजीपीटी पूर्ववत होणे ही दुसरी, आणि ती तुमच्या पतींनी गाठलेली आहे. ई-अँटिजेन जाऊन त्याविरुद्धची प्रतिपिंडे तयार होणे ही तिसरी. एचबीएसएजीच निगेटिव्ह होणे ही चौथी पातळी फार थोड्यांना लाभते, आणि तुमच्या जाऊबाईंच्या परिचितांना बहुधा तीच अभिप्रेत असावी.

पहिल्या पातळीचे भाकीत सुरुवातीच्या अहवालांवरून बऱ्यापैकी करता येते. एन्टेकॅव्हिरच्या मूळ चाचण्यांमध्ये एका वर्षाअखेर ई-अँटिजेन निगेटिव्ह रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के, तर ई-अँटिजेन पॉझिटिव्ह रुग्णांपैकी सुमारे ६७ टक्के जणांचे विषाणू मोजमापाच्या खाली गेले होते. म्हणजे तुमच्या पतींसारख्या रुग्णांत दर तिघांमागे एकाचा आकडा वर्ष संपले तरी शून्यावर आलेला नव्हता आणि त्यांतील बहुतेकांचा पुढे उपचार चालू ठेवल्यावर आला. पाच वर्षे एन्टेकॅव्हिर घेत राहिलेल्यांच्या गटात हे प्रमाण ९४ टक्क्यांपर्यंत पोचले होते. सुरुवातीचा आकडा जितका मोठा तितका वेळ अधिक लागतो, हे तुमच्या डॉक्टरांना पहिल्या दिवशीच ठाऊक असणार. ते त्यांनी तुम्हाला दोन वाक्यांत सांगितले असते, तर चुलत दिरांशी तुलना करून तुम्ही इतक्या रात्री जागून काढल्या नसत्या. बाह्यरुग्ण विभागातील गर्दी मी जाणतो, तरीही ही दोन वाक्ये सांगायला हवीत, असे माझे मत आहे.

तिसऱ्या पातळीचे भाकीत अधिक धूसर आहे. एका वर्षाच्या गोळीने ई-अँटिजेनविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याचे प्रमाण सुमारे २० टक्के असते आणि वर्षे वाढतात तसे ते वाढत जाते. सुरुवातीची एसजीपीटी वाढलेली असेल तर ही शक्यता अधिक असते, कारण एसजीपीटी वाढते ती शरीराची प्रतिकारशक्ती संसर्ग झालेल्या पेशींवर हल्ला करत असताना. तुमच्या पतींची एसजीपीटी मर्यादेच्या दुपटीहून अधिक होती, म्हणजे त्यांच्या शरीराने विषाणूची दखल घेतलेली आहे. विषाणू कोट्यवधी असून एसजीपीटी कायम अगदी साधी असणाऱ्या तरुण रुग्णांत ही दखल घेतलेली नसते. अशांपैकी अनेकांना यकृताची इजा नसल्यास डॉक्टर गोळी सुरू न करता नियमित तपासणीवर ठेवतात. असा सल्ला मिळालेल्या वाचकांनी डॉक्टर हयगय करत आहेत असे समजू नये. मात्र तपासण्या चुकवूही नयेत.

चौथ्या पातळीबद्दल स्पष्टच लिहितो. नुसत्या गोळीने एचबीएसएजी निगेटिव्ह होणे वर्षानुवर्षांच्या उपचारानंतरही विरळा असते. या विषाणूची जनुकीय प्रत यकृताच्या पेशींच्या केंद्रकात बसलेली असते. नव्या प्रती तयार होण्याचे काम गोळी थांबवते, त्या मूळ प्रतीला ती हात लावू शकत नाही. तरीही हे थांबवणे मोठे काम आहे. टेनोफोव्हिर या दुसऱ्या गोळीच्या एका अभ्यासात ३४८ रुग्णांच्या यकृताचे तुकडे उपचारांपूर्वी आणि पाच वर्षांनी तपासले गेले. सुरुवातीला ज्या ९६ जणांना सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होणे) होता, त्यांपैकी ७१ जणांच्या यकृतात पाच वर्षांनी सिरॉसिस उरलेला नव्हता. आजार मुळासकट न जाताही यकृत इतके सुधारू शकते. तेव्हा ‘बरा होणार की नाही’ या एकाच प्रश्नावर सगळी आशा टांगून ठेवू नका.

आता जीनोटाइप. या विषाणूचे अनेक उपप्रकार आहेत. भारतात ‘डी’ सर्वाधिक आढळतो, पश्चिम आणि उत्तर भागांत ‘ए’ही सापडतो, पूर्वेकडे ‘सी’ दिसतो. एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिरने विषाणू दबण्याशी या उपप्रकाराचा व्यवहारात काही संबंध नाही. गोळी चालू असताना केवळ ‘लागू पडेल का’ हे पाहण्यासाठी ही तपासणी करून घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. तिचा खरा उपयोग आहे तो त्या गृहस्थांनी सुचवलेल्या इंजेक्शनांच्या, म्हणजे पेगइंटरफेरॉनच्या बाबतीत. आठवड्याला एक याप्रमाणे ४८ आठवडे हे इंजेक्शन घ्यावे लागते. ई-अँटिजेन पॉझिटिव्ह रुग्णांच्या मोठ्या चाचणीत, कोर्स संपल्यानंतर सहा महिन्यांनी ३२ टक्के जणांत ई-अँटिजेनविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली होती. एका वर्षाच्या गोळीपेक्षा हे प्रमाण नक्कीच चांगले आहे आणि उपचाराला ठरलेला शेवट आहे हा दुसरा लाभ. पण उरलेल्या ६८ टक्क्यांच्या वाट्याला ताप, अंगदुखी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होणे, मन खचणे हे सोसूनही तो लाभ आला नाही.

कोणाला तो लाभ मिळेल याचे संकेत ठरलेले आहेत: एसजीपीटी दुपटीहून अधिक, विषाणूंचा आकडा त्या मानाने कमी, वय कमी आणि जीनोटाइप ‘ए’. ‘डी’ असल्यास यशाची शक्यता सर्वांत कमी. शिवाय बाराव्या आठवड्याला एचबीएसएजीचे प्रमाण मोजतात. नुसते पॉझिटिव्ह-निगेटिव्ह पाहून येथे भागत नाही, आकडा लागतो. ‘ए’ किंवा ‘डी’ प्रकारात तोपर्यंत हा आकडा मुळीच उतरला नसेल, किंवा ‘बी’ अथवा ‘सी’ प्रकारात तो २० हजार आययूच्या वर असेल, तर पुढची इंजेक्शने व्यर्थ जाण्याची शक्यता इतकी मोठी असते की कोर्स तेथेच थांबवतात. यातली गंमत लक्षात घ्या. कोणाला उपयोग होणार नाही, हे या तपासण्या बऱ्याच खात्रीने सांगतात. कोणाला होईल, हे मात्र शक्यतेच्या भाषेतच सांगतात. ‘आधीच कळते’ असे जे तुम्हाला सांगितले गेले, त्यात इतकेच तथ्य आहे. विषाणूचा आरएनए किंवा कोअरशी संबंधित अँटिजेन मोजणाऱ्या नव्या तपासण्यांवर जगभर काम चालू आहे, पण तुमच्या पतींचा आजचा निर्णय त्यांनी बदलेल असे नाही.

तुमच्या पतींसाठी आज इंटरफेरॉनची वाट धरू नये, असे मला वाटते. सुरुवातीचा आकडा फार मोठा होता, आपल्याकडे ‘डी’ प्रकार असण्याचीच शक्यता अधिक, आणि हातातली गोळी उत्तम चालली आहे. एखाद्या तरुण रुग्णाला ठरावीक मुदतीचाच उपचार हवा असेल, आकडे अनुकूल असतील आणि यकृत भक्कम असेल, तर मात्र त्याने आपल्या यकृततज्ज्ञांशी या पर्यायाविषयी जरूर बोलावे.

सासूबाईंच्या आग्रहाविषयी. गळ्यात काविळीची माळ घालणे, चुना लावलेल्या हातांवरून पिवळे पाणी उतरवणे, सकाळी अनशापोटी पाल्याचा रस घेणे, हे आपल्या गावोगाव चालते आणि त्याने बरे झालेले लोकही दाखवले जातात. ते लोक खरोखरच बरे झालेले असतात. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि यश माळेच्या नावावर जमा होते. तुमच्या पतींचे डोळे मुळात पिवळे झालेलेच नव्हते, त्यामुळे उतरवायची कावीळच येथे नाही. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एवढेच सांगा, की हा आजार त्या काविळीतला नाही. पाल्याचा रस मात्र पोटात जाऊ देऊ नका, कारण काही वनस्पती यकृतालाच इजा करतात. आणि त्यापायी गोळी तर एक दिवसही बंद करू नका. गोळी अचानक सोडल्यावर विषाणू उसळून यकृताला तीव्र सूज येऊ शकते. ती जिवावर बेतल्याची उदाहरणे आहेत.

आता तुमच्या पत्रातील दोन शब्द: ‘न्याहारीबरोबर, न चुकता’. ‘न चुकता’साठी तुमच्या पतींचे मनापासून अभिनंदन, कारण आकडा पुन्हा चढलेल्या रुग्णांत गोळ्या चुकणे हेच सर्वांत नेहमीचे कारण निघते. ‘न्याहारीबरोबर’ मात्र बदलायला हवे. एन्टेकॅव्हिर अन्नाबरोबर घेतले तर त्याचे शोषण १८ ते २० टक्क्यांनी घटते. ते रिकाम्या पोटी घ्यावे, म्हणजे जेवणानंतर निदान दोन तासांनी आणि पुढच्या खाण्याच्या निदान दोन तास आधी. शेतावर किंवा कामावर लवकर जाणाऱ्यांना रात्री झोपतानाची वेळ सोयीची पडते. साडेआठला जेवण झाले की अकराला गोळी. वेळ कशी बदलायची ते डॉक्टरांना किंवा औषध दुकानातील फार्मासिस्टला विचारून घ्या. एवढ्याने आकडा एकदम शून्यावर येईल असे मी म्हणत नाही, पण जे फुकट मिळते आहे ते सोडू नये. टेनोफोव्हिर घेणाऱ्या वाचकांना हा नियम लागू नाही. त्यांनी त्याऐवजी मूत्रपिंडाची तपासणी वेळच्या वेळी होते आहे ना, याकडे लक्ष द्यावे.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण गोळीच्या बाबतीत तीच भाकिताला सर्वाधिक उपयोगी पडते. तुमच्या पतींना पूर्वी कधी, अगदी दहा-पंधरा वर्षांपूर्वीसुद्धा, लॅमिव्हुडिन दिले गेले होते का? त्या औषधाला विषाणू लवकर दाद देईनासा होतो. पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत असे होत असे. असा निगरगट्ट विषाणू पुढे अनेकदा एन्टेकॅव्हिरलाही जुमानत नाही. उलट पहिल्यांदाच एन्टेकॅव्हिर घेणाऱ्यांत पाच वर्षांत असे घडण्याचे प्रमाण जेमतेम १.२ टक्के आहे. जुन्या चिठ्ठ्या शोधा आणि लॅमिव्हुडिनचे नाव सापडले तर लगेच डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी टेनोफोव्हिरचा विचार करतात.

पुढची तपासणी बाराव्या महिन्याला, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि त्याच एककात करा. आकडा ६४० वरून आणखी खाली आला असेल, तर तो शून्य नसला तरी गोळी तीच चालू ठेवणे योग्य. काही महिने एकाच जागी अडकून बसला, तर टेनोफोव्हिरकडे वळायचे का हे डॉक्टरांना विचारा. आतापर्यंतच्या सर्वांत खालच्या आकड्याच्या दहापटीहून वर गेला, तर आधी गोळ्या चुकल्या का ते प्रामाणिकपणे तपासा आणि मगच औषधाला दोष द्या. गोळी कधी थांबवायची हा प्रश्न अजून दूर आहे. ई-अँटिजेन जाऊन प्रतिपिंडे तयार झाल्यानंतरही किमान वर्षभर ती चालू ठेवतात, आणि थांबवली तरी तपासण्या थांबवत नाहीत. शिवाय तुमच्या पतींची चाळिशी आता आलीच आहे. आशियाई पुरुषांनी चाळिशीनंतर, विषाणू दबलेला असला तरी, दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करून घ्यावी, कारण कर्करोगाचा धोका औषधाने कमी होतो, पण नाहीसा होत नाही. दारू पूर्ण बंद. खर्चाची चिंता असेल तर २०१८ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासण्या आणि ही औषधे मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

सगळे पत्र पतींविषयी आहे आणि तुमची स्वतःची तपासणी झाली का, याचा त्यात उल्लेख नाही. तुमची आणि मुलांची एचबीएसएजी तपासणी याच आठवड्यात करून घ्या. निगेटिव्ह असून लस झालेली नसेल तर आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस घ्या. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी प्रतिपिंडे १० च्या वर आहेत का ते पाहा आणि तोपर्यंत निरोध वापरा. ताटवाटी वेगळी करण्याची गरज नाही. दाढीचे ब्लेड आणि दात घासण्याचा ब्रश मात्र ज्याचा त्याचा.

आणि तुमच्या नणंदबाई. त्या घरात आहेत म्हणून हा विषय झाकून ठेवला आहे, असे तुम्ही लिहिता. परंतु हा विषय सर्वांत आधी त्यांच्याशीच बोलायला हवा. मोठेपणी झालेला संसर्ग जुनाट होण्याचे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी असते, तर जन्मतः किंवा तान्हेपणी झालेल्या संसर्गात ते ९० टक्क्यांपर्यंत जाते. तुमच्या पतींना आणि चुलत दिरांना तो लहानपणीच, आईकडून किंवा एकत्र घरात वाढताना झाला असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच घरात नणंदही वाढली आहे. यात कोणाचाही दोष नाही, सासूबाईंचा तर नाहीच. त्यांनीही तपासणी करून घ्यावी. आज नणंदेच्या गरोदरपणाच्या फाइलमध्ये एचबीएसएजीचा अहवाल आहे का ते पाहा. नसेल तर उद्याच रक्त द्या. पॉझिटिव्ह आले आणि विषाणूंचा आकडा २ लाखांच्या वर असेल, तर सातव्या महिन्यापासून आईला टेनोफोव्हिर देतात, आणि महिने भरत आले असतील तरी डॉक्टरांना त्याच दिवशी भेटा. बाळंतपण जेथे होणार तेथे हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत, बाळाच्या एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) देता येईल. इम्युनोग्लोब्युलिन प्रत्येक ठिकाणी कपाटात तयार नसते. ते आगाऊ मागवून ठेवायला सांगा.